‘हाड’ हे माझं नाव नव्हतं

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. खडवली स्टेशनापासून कोसभर आत एका खेड्यात, सार्वजनिक विहिरीजवळ माझा जन्म झाला. ज्या दारी जाई तिथून एकच शब्द येई, "हाड!" मला वाटायचं, हेच माझं नाव. म्हणून मी शेपूट हलवत पुढे जायचो. मग दगड यायचा. तीन दगडांत मला अर्थ कळला. तुम्हाला शाळेत जास्त वेळ लागतो.

शाळा विहिरीसमोरच होती. एकदा हरिहर मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, ‘हाडतुड करणे’. म्हणाले, "म्हणजे तुच्छतेनं हाकलून देणे. कुत्र्याला आपण हाड म्हणतो ना, त्यावरून." पोरं माझ्याकडे बघून हसली. मला मात्र अभिमान वाटला. फळ्यावर गेलेला गावातला पहिला कुत्रा मी! मूर्ख होतो.

मी विहिरीची राखण केली. बकऱ्या हाकलल्या, एकदा साप दाखवला. शेजारच्या दगडी डोणीत तोंड घालून पाणी प्यायचो, कुणी अडवत नसे. पण वेशीबाहेरच्या लक्ष्मीला, तिच्या जातीमुळे, त्या डोणीलाही हात लावता येत नव्हता. ती घागर घेऊन लांब बसायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. दिल्लीत राज्यघटनेतला अस्पृश्यताबंदीचा कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती. खडवली स्टेशनवर तो अजून उतरला नव्हता.

बावन्न सालच्या वैशाखात लक्ष्मी अशीच सकाळपासून बसली होती. सुमतीबाई पोहरा ओढता ओढता म्हणाल्या, "थांब गं, आमचं होऊ दे."

"माझी नंदा तापानं फणफणलीय, बाई. घरात थेंब नाय. किती थांबू?" लक्ष्मी उठली आणि थेट काठावर आली.

आंघोळीला आलेले मास्तर ओरडले, "हाड! हाड मागं!"

मी उठून पळालो. सवय! वळून बघतो तर मास्तरांचं बोट माझ्याकडे नव्हतंच, लक्ष्मीकडे होतं.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "कुत्रा गेला, मास्तर. मी नाय जायची." तिनं पोहरा सोडला, घागर भरली आणि चालू लागली.

ज्यानं शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगितला, त्याच्याच तोंडून हे यावं? अडाण्याला निदान म्हणता येतं, मला ठाऊक नव्हतं. आजही आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

विहीर बाटली म्हणे. माझ्या लाळेनं डोण इतकी वर्षं नाही बाटली! तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी तहानेनं सगळे आले, मास्तरसुद्धा. तेव्हा लक्ष्मी काठावरच होती, आणि ताप उतरलेली नंदा तिच्या शेजारी कळशी धरून उभी होती.

मित्रांनो, आता माझे दात पडले आहेत, मी तुमच्याकडे भाकरी मागत नाही. तो शब्द मलाही नको आहे. पण माझ्यावरून काढलात ना, मग माझ्यापाशीच ठेवा. आणि कुणी तो माणसावर फेकला, तर माझ्यासारखे उठून पळू नका.