डाळिंबाची साल आणि जावई

संकरण केंद्रातल्या म्हाताऱ्या वळूला सगळे जावई म्हणत. ऐटीत खायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही, हा त्याचा खाक्या. त्याच्या लेकी क्वचितच आजारी पडत. पण त्याचं वीर्य कांड्यांत, म्हणजे बारीक नळ्यांत, भरून गोठवलं की बहुतेक शुक्राणू मरून जात.

"ह्याला किती दिवस पोसायचं?" साहेब म्हणाले. "आजच्या कांड्या बिघडल्या, तर त्याची रवानगी."

गोठवताना शुक्राणूंच्या आवरणाला जणू गंज चढतो. डाळिंबाच्या सालीचा अर्क तो रोखेल, अशी प्रयोगशाळेतल्या बाईंची अटकळ होती. पहिल्या खेपेला त्यांनी अर्क सढळ हाताने घातला आणि एकूण एक शुक्राणू गारद झाले. या वेळी अगदी थेंबभर घातला होता.

"बाई, तुम्हीच बघा," गोठ्यावरचे मामा कुजबुजले. "तुम्हाला चांगलंच दिसेल."

"म्हणूनच बघणार नाही. आपला तो बाब्या! साहेबांनाच बघू द्या."

मामांनी एक साधी आणि एक अर्काची कांडी कोमट पाण्यात वितळवून दोन काचांवर थेंब ठेवले. कुठला कशातला, हे एकट्या मामांनाच ठाऊक. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

साहेब सूक्ष्मदर्शकावर वाकले. "ही पहिली. मरगळच आहे. जे हलतायत, तेही उपकार केल्यासारखे."

"आणि दुसरी?" बाईंनी न वळता विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "मामा, ताजं वीर्य तर नाही ना लावलं?"

"ताजं द्यायला जावई राजी हवा ना! सकाळपासून रुसलाय."

"अर्ध्याहून जास्त धावतायत. तेही सरळ."

बाईंनी विचारलं, "मामा, दुसरी कुठली?"

"सालीची!"

"एकीवर भरवसा नको," बाई वळून म्हणाल्या. "बाकीच्याही बघा."

साहेबांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या पाहिल्या. अर्काच्या काहींत हालचाल थोडी कमी होती, पण साध्या कांड्यांइतकी वाईट एकही नव्हती.

"गाई गाभण राहिल्याशिवाय मी टाळ्या वाजवणार नाही हं," ते म्हणाले.

"मीही नाही."

"तोवर राहू दे त्याला." मग त्यांनी विचारलं, "साली किती लागतील?"

"बऱ्याच. पण आधी कुणीतरी डाळिंबं खायला हवीत."

"तेवढी जबाबदारी," साहेब गंभीरपणे म्हणाले, "मी उचलतो."