भावाच्या जागी नवरदेव

संताप कशाचा येतो सांगू? ज्यांनी मला वेडी ठरवलं, त्यांनीच मला नवरदेव केलं.

आमच्यात नवरा स्वतःच्या वरातीत जात नाही. डोंगरावरचा आमचा देव ब्रह्मचारी. त्याच्यासमोरून नवरा मिरवत गेला तर गावावर कोप होतो म्हणतात. म्हणून नवरा हळद लावून आईपाशी घरात बसतो आणि त्याची बिनलग्नाची बहीण फेटा बांधून, तलवार घेऊन जाते, फेरे घेते आणि वहिनीला घरी आणते. माझ्या भावाला, रायसिंगला, बहीण एकच, ती मी. माझ्यावाचून त्याचं लग्न अडलं होतं.

आणि मला नवरदेव करून पाठवणारी हीच माझी आई! होळीआधी मी तिला सांगितलं, "मला कपिलासोबत राहायचंय. जन्मभर." कपिला आणि मी नर्सिंगला एकत्र होतो. आईने हातातला मक्याचा रोटला तव्यावर आपटला. "पोरीचं पोरीशी? कुणी ऐकलंय का असलं कधी, जेमली? लोक तोंडात शेण घालतील!"

कपिलाच्या आईने, नानलीकाकीने, तर मला अंगणातूनच हाकललं. "परत आलीस तर तंगडं मोडीन!" शिवाय घाईघाईने कपिलासाठी बोडेलीचं स्थळ शोधलं. लग्न झालं की उतरेल म्हणे खूळ. खूळ! ताप आहे का तो, उतरायला?

रायसिंगची नवरी नेमकी कपिलाच्याच गावची निघाली. मी आईला म्हटलं, "मी नाही जाणार." तर ती रडायलाच लागली. "भावाचं वाटोळं करशील का गं?" गेले मी. भाऊ माझा, त्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

वरात पोचली. ढोल वाजत होते, बाया गात होत्या. कपिला त्यांच्या मागे उभी होती, पण गात नव्हती. गावातल्या बायांनी नवरदेवाला ओवाळायचं असतं. नानलीकाकीही ताट घेऊन पुढे आली. फेट्याखालचा चेहरा तिने पाहिलाच नाही. कपाळाला टिळा लावला, तांदूळ चिकटवले आणि सगळ्या बाया म्हणतात तेच मोठ्याने म्हणून गेली, "देवा, माझ्या कपिलालाही अस्साच नवरा दे!"

मी म्हटलं, "दिला, काकी. वरात कधी आणू?"

ढोल थांबले. काकीने आता कुठे फेट्याखाली नीट पाहिलं.

"आई, तूच मागितलंस," मागून कपिला म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय. बोडेलीवाल्यांना नाही म्हणून कळव. मी नाही करणार ते लग्न."

गावचा पटेल धावत आला. "ए पोरी, थट्टा पुरे! ही नुसती रीत आहे. तू काय खरा नवरा आहेस का?"

माझं डोकंच फिरलं. "नुसती रीत? बरं. मग हा घ्या फेटा. जा, माझ्या भावाला आणा आणि उभा करा मांडवात."

"नको, नको!" नवरीचा बाप मधे पडला. "देव कोपेल. बाई, तूच पाहिजेस."

"म्हणजे फेरे घ्यायला मी खरी आणि घर करायला खोटी? माझे फेरे देवाला चालतात. तुम्हाला का नाही चालत?"

पटेल मिशीवरून हात फिरवत राहिला. शेवटी मीच तलवार उचलली आणि मांडवात जाऊन बसले. नवरीची काय चूक? तिचे डोळे रडून लाल झाले होते. तिच्याशी सगळे फेरे घेतले, नीट घेतले. कपिला समोर उभी राहून बघत होती. काकीने तिला ओढून नेलं नाही.

घरी पोचेपर्यंत फोनवरून सगळं आईच्या कानावर गेलं होतं. ती दारात उभी होती, तोंड फुगवून. मी वहिनीला रायसिंगजवळ दिलं. तो हळदीच्या अंगाने माझ्याकडे बघून हसला, "बहादूर!"

आता रीतीप्रमाणे फेटा आईकडे द्यायचा आणि तिने तो पेटीत ठेवून द्यायचा, पुढच्या भावासाठी. पुढचा भाऊच नव्हता. मी तो काढून तिच्या हातात दिला. पेटी उघडीच होती. आई पेटीकडे गेली नाही.

"घामाने भिजलाय नुसता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "उद्या धुते. कपिलाच्या दारात असला घेऊन जाशील काय?"