मागच्या बाकापर्यंत

धाकटीला नोकरी लागली खरी, पण निम्मीच. शहरातल्या मोठ्या शाळेत नववीला गणित शिकवायचं होतं. नमुन्याचा तास पाहून मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "शिकवता छान, पण आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही. सोमवारी मी शेवटच्या बाकावर बसेन. ऐकू आलं नाही, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

आता आवाज आणायचा कुठून? वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला. दिवसा ते झोपायचे आणि सगळं घर कुजबुजायचं. या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत झाली. पोरीने कधी रडून घेतलं, तेही उशीत तोंड खुपसून.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला फळा समजून ती त्रिकोण शिकवत होती, अर्थात ओठांतल्या ओठांत. पाणी प्यायला उठलेले वडील दारात येऊन उभे राहिले.

"काय पुटपुटतेयस गं?"

तिचा धीर सुटला. सोमवारचं सगळं तिने सांगून टाकलं, तेही कुजबुजतच.

"अगं, मग मोठ्याने बोल की!"

"तुमची झोप मोडेल ना, बाबा."

"माझी? रात्रभर यंत्रांच्या धडधडाटात उभा असतो मी. कानाशी ढोल बडवलास तरी कूस बदलणार नाही." मग ते ओट्याशी उभ्या असलेल्या आईकडे वळले. "मला आपलं वाटायचं, हे हळू बोलणं म्हणजे तुझ्या माहेरचं वळण!"

आईने कपाळावर हात मारला. "अहो, इतकी वर्षं मी पातेलीसुद्धा वाजू दिली नाहीत!" हे मात्र ती चांगलं खणखणीत बोलली.

वडील आतल्या खोलीत पलंगावर जाऊन आडवे झाले. "हा शेवटचा बाक. कर सुरू."

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची..."

"ऐकू येत नाही!"

पुन्हा. पुन्हा एकदा. कान लाल झाले, घसा खरवडला आणि अखेर आवाज सुटला. शेजारीण खिडकीत येऊन पाहून गेली. धाकटी आता थांबायला तयार नव्हती.

थोड्या वेळाने आतून काहीच आवाज येईना, म्हणून तिने डोकावलं. वडील डोळे मिटून पडले होते. बोटांची शाई अजून गेली नव्हती. आज आपल्यापायी यांची झोप गेली, या विचाराने तिला भरून आलं आणि जन्माच्या सवयीने आवाज आपसूक खाली उतरला.

"बाई," वडील डोळे न उघडताच म्हणाले, "मागे ऐकू येत नाही."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्रिकोण पहिल्यापासून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा, शिकवायला घेतला.