पाहुण्यांचं टेबल

पाटीवर त्या गावाचं नाव 'ऑल्डरमन्सवर्दी' असं लिहिलेलं आहे, आणि म्हणतात त्याला 'आम्झरी'. मधली अक्षरं कुठं गेली हे विचारायचं नसतं. डेव्हन परगण्यातल्या त्या ओल्या टेकड्यांत लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सफरचंदाच्या दारूबरोबर गिळली असावीत. पाटीवरचं नाव जो अख्खं उच्चारील तो परका, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं. आणि परक्याशी आम्झरी फार गोड बोलते. पहाटेचं दव गवतावर बसावं तसं अलगद, आणि तितकंच गार.

म्युरिएल टॅप्सकॉट त्या दवात पंचवीसेक वर्षं भिजत होती.

ती लंडनकडच्या क्रॉयडनहून लग्न होऊन आली. नवरा, डेन्झिल, इथलाच. त्याचे आजे-पणजे चर्चमागच्या यूच्या झाडाखाली निजलेले, आणि आता तोही त्यांच्यात जाऊन निजला होता. म्युरिएलनं मात्र गाव सोडलं नाही. चर्चमधली फुलं तिनं रचावी, सभागृहाचे पडदे तिनं धुवावे, जत्रेत चहाच्या किटल्या तिनं वाहाव्या. पण ऑगस्टच्या जत्रेत केकची स्पर्धा लागली की दोन टेबलं मांडली जात. एक गावकऱ्यांचं, एक पाहुण्यांचं. म्युरिएलचा जॅम-सायीचा केक दर वर्षी पाहुण्यांच्या टेबलावर बसे, आणि दर वर्षी पहिला येई. पाहुणे म्हणजे सुट्टीत घर भाड्यानं घेणारी लंडनची मंडळी. दुकानातला केक खोक्यातून काढून बशीत ठेवायचा, एवढीच त्यांची पाककला.

"काय हलका झालाय हो, टॅप्सकॉटबाई," जत्रेच्या अध्यक्षा लस्कमबाई दरसाल म्हणत. "आमच्या कुणाला असा जमायचा नाही."

म्युरिएल पहिल्या नंबराची निळी रिबन घेऊन घरी येई आणि खणात टाकी. तिला रिबन नको होती, ते दुसरं टेबल हवं होतं. मेल्यावर डेन्झिलशेजारी जागा मिळेलच, तिथं कुणी दोन टेबलं मांडत नाही. पण जिवंतपणी एकदा, बस्स.

म्हणून ती गावापेक्षाही जास्त गावकरी झाली. सफरचंदाच्या दारूत पाणी घालणाऱ्याकडे ती गावाआधी तिरकं बघे. गावाचं नाव तर ती इतकं आखडून उच्चारी, की आम्झरीतलाही अर्धा 'री' तिच्या घशातच राही.

त्या वर्षी जिल्ह्याच्या 'नेटकं गाव' स्पर्धेत आम्झरी उतरली. मग काय विचारता. दगडी भिंतींवर फुलांच्या टोपल्या टांगल्या गेल्या. बदकांच्या तळ्यातून एक जुनी सायकल निघाली. ती कुणाची, हे कळून घ्यायची इच्छा कुणालाच नव्हती. येओ भावंडांच्या खुराड्याला नवा रंग लागला आणि कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. वेशीवरच्या पाटीवर चढलेली आयव्हीची वेल मात्र कुणी काढली नाही. पाटी काय, परक्यांसाठी असते.

जुलैतल्या एका दुपारी म्युरिएल पायरीवर उभी राहून झाडांना पाणी घालत होती. रस्त्यानं गवती टोपी घातलेला एक गृहस्थ आला. गळ्यात नकाशा, पायात चिखल न पाहिलेले बूट.

"माफ करा बाई, ऑल्डरमन्सवर्दीला कसं जायचं?" एकही अक्षर उपाशी राहू नये अशा काळजीनं त्यानं विचारलं.

म्युरिएलच्या अंगावरून मोरपीस फिरलं. अशी संधी रोज येत नाही.

"असं गाव इथं नाही," ती म्हणाली.

"नकाशात तर आहे हो."

"नकाशात काय, पुष्कळ असतं."

"मग हे कुठलं?"

"हे आम्झरी."

त्यानं खिशातला कागद काढून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "आम्झरी नाही यात," तो हळहळला. टोपल्यांकडे, तळ्याकडे, रंगवलेल्या खुराड्याकडे त्यानं एकवार पाहिलं. "वाईट वाटतं. फार सुंदर ठेवलंय हो तुम्ही."

"टेकडी उतरलात की क्लॅपरफर्ड लागेल," म्युरिएल गोड हसून म्हणाली. "तिथं विचारा. त्या लोकांना काहीही माहीत असतं."

स्पर्धेत क्लॅपरफर्ड पहिलं आलं. क्लॅपरफर्ड, जिथल्या तळ्यात बदकंसुद्धा प्लॅस्टिकची आहेत.

आम्झरीचं तर नावही यादीत नव्हतं. लस्कमबाईंनी स्पर्धावाल्यांना फोन केला, आणि त्याच संध्याकाळी सगळं गाव सभागृहात गोळा झालं.

"परीक्षक आले होते," लस्कमबाई म्हणाल्या. "थेट आपल्या रस्त्यावर. पण गावातल्याच एका बाईनं त्यांना सांगितलं म्हणे, की असं गावच नाही."

कुजबूज झाली. मागून म्हातारा विल्फ येओ म्हणाला, "माझी आई जिवंत असती तर मी तिचंच नाव घेतलं असतं."

"मग तुझी बहीण असेल," लस्कमबाई वळल्या. "ग्लॅडिस, तू?"

"मी नव्हे," ग्लॅडिस म्हणाली, आणि तसं म्हणावं लागल्याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं.

नजरा एकेका बाईवर थांबत फिरल्या. म्युरिएल चहाचे कप भरत होती. तिच्यावरून मात्र त्या खुर्चीवरून जाव्या तशा गेल्या. तिला कळून चुकलं, आपण गप्प राहिलो तर जन्मात कुणी आपल्याला विचारणार नाही. गावातल्याच एका बाईनं. हे शब्द कुणा अनोळखी माणसानं तिच्यासाठी म्हटले होते, आणि ते आता मालकाविना सभागृहात पडून होते.

तिनं किटली खाली ठेवली.

"मी होते ती."

लस्कमबाई समजुतीनं हसल्या. "तुम्ही कशा असाल, टॅप्सकॉटबाई? ते गावातली बाई म्हणाले."

"गवती टोपी होती त्यांची. पूर्ण नाव घेतलं त्यांनी. मी म्हटलं, असं गाव नाही. मग म्हणाले, हे कुठलं? मी म्हटलं, आम्झरी."

"आणि क्लॅपरफर्डला कुणी पाठवलं?"

"मीच."

लस्कमबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. हसू नसलेला तो चेहरा म्युरिएल पहिल्यांदाच बघत होती. मागं विल्फला खोकल्यासारखी उबळ आली. "गावात उभं राहून गाव विचारतोय, आणि ही म्हणते गावच नाही. अगं बये, आईलासुद्धा नसतं सुचलं."

"हसतोस काय, विल्फ," लस्कमबाई कडाडल्या. "सगळ्यांची मेहनत पाण्यात घातली हिनं. मूर्ख आहेस तू, म्युरिएल. अगदी मूर्ख. आणि ते कप आवर आधी, गार झाला चहा."

म्युरिएल कप विसळायला गेली. लाज होतीच. पण इतक्या वर्षांत ह्या गावात तिला कुणी मूर्ख म्हटलं नव्हतं, 'तू' असंही म्हटलं नव्हतं. ते दोन्ही एकदम पदरात पडल्यावर रडावं की काय करावं, तिला उमजेना.

जत्रेच्या दिवशी ती केक घेऊन सवयीनं खिडकीजवळच्या पाहुण्यांच्या टेबलाकडे वळली.

"तिकडं कुठं चाललीस?" लस्कमबाई ओरडल्या. "इकडं ठेव, आमच्यात. आणि जरा सरकवून, ग्लॅडिसचा दिसू दे."

पाद्रीबाबांनी सगळे केक चाखले. म्युरिएलचा पहिला आला नाही. दुसरा-तिसराही नाही. पाद्रीबाबांनी तिच्या केकचा घास घेतला आणि पाण्याचा पेला मागवला. लस्कमबाईंनीही एक तुकडा तोडून बराच वेळ चघळला.

"कोरडा आहे गं," त्या म्हणाल्या. "नेहमीच असतो."

"नेहमीच?"

"अंडी कमी घालतेस तू. पहिल्या वर्षीच कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाही कधी?"

लस्कमबाईंनी खरोखरच्या नवलानं तिच्याकडे पाहिलं. "तेव्हा कसं सांगणार? तेव्हा तुम्ही पाहुण्या होतात."

म्युरिएलनं आपल्याच केकचा तुकडा तोंडात टाकला. खरंच कोरडा होता. तिनं तो तिथंच, गावकऱ्यांच्या टेबलाला टेकून, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.