कॉलरच्या आतली खूण

"हात नका लावू हं मावशी, नुसतं बघा. कापड अगदी ओल्या कागदासारखं झालंय."

संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी दिव्याची मान आणखी खाली ओढली. उथळ पांढऱ्या तबकात पाणी होतं आणि पाण्यात एक शर्ट बाह्या पसरून पडला होता. त्रेचाळीस वर्षं समुद्राच्या तळाशी काढून वर आलेला. मूळचा पांढरा असणार. आता गढूळ चहाच्या रंगाचा झाला होता. कॉलर उलटी करून ठेवली होती. मावशींनी चष्मा नाकावर दाबला आणि वाकून पाहिलं.

कॉलरच्या आत लाल दोऱ्याच्या दोन उभ्या रेघा होत्या आणि मधोमध एक टिंब.

टाका स्वतःच्या हातचा असला की तो ओळखायला डोळे फार लागत नाहीत. मावशी तशाच वाकून राहिल्या.

"पेटी कोणाची म्हणालात ही?"

"बोटीवरच्या वायरलेसवाल्यांची. त्यांच्याच खोलीत सापडली. झाकणावर त्यांच्या नावाची पितळी पट्टी आहे. चामड्याची पेटी, वर गाळ बसलेला, म्हणून कपडे टिकले. सहा शर्ट निघालेत. खूण त्यांचीच आहे एवढं तुम्ही सांगितलंत की आमचं काम फत्ते. उद्या प्रदर्शन उघडतंय."

टेबलाच्या पलीकडे वायरलेसवाल्याची मुलगी उभी होती. पंचेचाळिशीची बाई, केस अर्धे पिकलेले. पण त्या शर्टाकडे अशी बघत होती की जणू वडील शाळेत न्यायला आलेत आणि फाटक अजून उघडत नाहीये.

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"नाही हो दिसत," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही आता."

"लाल रंग तर स्पष्ट दिसतोय मावशी. त्या रेघा बघा ना."

"तुम्हाला दिसतो. तुमचं वय काय, माझं वय काय!"

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

मावशी तरुणपणी बंदराजवळच्या लॉन्ड्रीत कामाला होत्या. बोटींवरच्या लोकांचे कपडे तिथे यायचे, गठ्ठ्यावारी. सगळे पांढरे, सगळे एकाच मापाचे, सगळे एकाच वासाचे. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण ठरलेली असायची आणि ती लाल दोऱ्याने कॉलरच्या आत घालायची, हे मावशींचं काम. कोणाची फुली, कोणाचा त्रिकोण, कोणाच्या तीन रेघा. वायरलेसवाल्याची फुली होती. दोन रेघा आणि टिंब ही बोटीवरच्या आचाऱ्याची. सहाशे खुणा मावशींना तोंडपाठ होत्या. मालक म्हणायचे, "हिला माणसाचा चेहरा दाखवा, नाही ओळखणार. कॉलर दाखवा, कुंडली सांगेल."

हे दोघे होते ती मोठी बोट बुडाली आणि हे बोलणं मालकांच्या जिभेवरून कायमचं गेलं.

बोट बुडाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर इतकं लिहून आलं, इतकी चित्रं निघाली, की आज त्या गावात बोटीचं चित्र नसलेला पेला विकत मिळणं मुश्कील. दुकानांच्या काचेत बोटीचे नमुने, लाँचमध्ये बसवून नेऊन 'इथे, बरोबर या पाण्याखाली' म्हणून दाखवणारे, आणि कडेला ओणवून त्या पाण्याचे फोटो काढणारे. मावशींना या ओढीचं नवल वाटायचं. "तरंगत होती तेव्हा कुत्रं फिरकत नव्हतं बघायला," त्या सुनेला म्हणायच्या. "बुडाली आणि सुंदर झाली."

पण सगळ्यांना ठाऊक नाही ते असं. बोट बुडाल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी काही देह किनाऱ्याला लागले. चेहरे ओळखण्यापलीकडे गेले होते. बंदरावरच्या साहेबाला कोणीतरी सुचवलं की कपड्यांवर लॉन्ड्रीच्या खुणा असतात, आणि त्याने मावशींना बोलावणं धाडलं. मावशी तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. मालाच्या गोदामात देह ओळीने ठेवले होते, वर चादरी. शिपाई चादर बाजूला करायचा, कॉलर उलटी करून दाखवायचा, मावशी नाव सांगायच्या, साहेब लिहून घ्यायचे. चादरीखाली बघायचं नाही, फक्त कॉलर बघायची, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. अकरा नावं त्यांनी सांगितली. सातव्या देहाच्या कॉलरला दोन रेघा आणि टिंब होतं.

"आचारी," मावशी म्हणाल्या.

गोदामाबाहेर नातेवाइकांची रांग होती. ज्यांचं नाव पुकारलं जाई त्यांनाच आत सोडत. आचाऱ्याची आई आत आली. म्हातारी रडली नाही. चादरीतून मुलाचे दोन्ही हात तिने बाहेर काढले आणि आपल्या हातात घेतले. बराच वेळ ती ते उलटेपालटे करून बघत होती. मग मावशींकडे वळून कौतुकाने म्हणाली, "बघ ग, पाण्याने कसे मऊ झालेत हात. लहानपणापासून चुलीपाशी भाजलेले डाग होते सगळे. एकसुद्धा राहिला नाही. धुऊन निघाले बघ."

मावशींचा जन्म डाग धुण्यात गेला होता. भाजल्याचा डाग धुऊन निघत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मग त्यांना ती संध्याकाळ आठवली. बोट सुटायच्या आदल्या दिवशी एकदम साठ गठ्ठे बांधायचे होते. मालक डोक्यावर उभे. आचाऱ्याचा आणि वायरलेसवाल्याचा गठ्ठा शेजारी शेजारी होता, आणि चिठ्ठ्या लावताना मावशींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी मुलाला ताप होता. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल का? झालीही असेल. नसेलही. पण म्हातारीने ते हात छातीशी धरले होते आणि ती म्हणत होती, "आला ग माझा परत. तू होतीस म्हणून आला."

मावशी बाहेर आल्या तर रांगेत वायरलेसवाल्याची बायको उभी. कडेवर तीन वर्षांची मुलगी. "यांची फुली दिसली का हो कुठे?"

"नाही," मावशी म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं.

वायरलेसवाल्याचं पुढे मोठं नाव झालं. शेवटपर्यंत यंत्रापाशी बसून संदेश पाठवत राहिला, बोटीबरोबर गेला, पण जागेवरून उठला नाही, असं छापून आलं. त्याची बायको मात्र सतरा वर्षं रोज धक्क्यावर जाऊन बसायची. आणि ती कडेवरची मुलगी बोटीच्या नादाने मोठी झाली. बोटीला किती खोल्या, किती पायऱ्या, ती किती खोल पाण्यात पडलीय, सगळं तिला पाठ. लग्न केलं नाही. शोध घेणाऱ्या लोकांबरोबर चार वेळा समुद्रावर जाऊन आली. पाण्याखालून घेतलेल्या फोटोंमध्ये वायरलेसच्या खोलीचा दरवाजा दिसला तेव्हा तिने त्याचं मोठं चित्र करून घरात लावलं. "बाबा त्या दाराच्या आत आहेत," ती सगळ्यांना सांगायची.

आणि आता ती टेबलाला वळसा घालून मावशींपाशी आली. "तुम्हाला दिसलं, मावशी. मी तुमच्याकडेच बघत होते. काय आहे ती खूण?"

"मला जरा बाहेर ने," मावशी म्हणाल्या. "इथे गुदमरल्यासारखं होतंय."

संग्रहालयाच्या मागच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या. समोर उद्यासाठी आणलेल्या खुर्च्यांची चळत होती. मावशींनी सगळं सांगितलं. गठ्ठे, चिठ्ठ्या, सातवा देह, म्हातारीने उलटेपालटे करून पाहिलेले हात. मध्ये कुठेही थांबल्या नाहीत, कारण थांबलो तर पुन्हा सुरू होता येणार नाही हे त्यांना कळत होतं.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," मुलगी शांतपणे म्हणाली.

"आजवर मीही मनाला हेच सांगत होते. पण आचाऱ्याचा शर्ट तुझ्या वडिलांच्या पेटीत निघाला ना ग. म्हणजे त्यांच्या अंगातही आचाऱ्याचाच होता."

एक माणूस येऊन चार खुर्च्या आत घेऊन गेला.

"आई सतरा वर्षं धक्क्यावर जात होती," ती म्हणाली. "लॉन्ड्री धक्क्याच्या वाटेवर होती. तुम्ही तिला रोज बघत होतात."

"रोज."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

"का?"

मावशींनी उत्तर शोधलं. चांगली उत्तरं होती त्यांच्यापाशी. इतक्या वर्षांत घासूनपुसून ठेवलेली. एकीच्या हातातला मुलगा काढून दुसरीच्या हातात नवरा कसा द्यायचा? नक्की ठाऊक नसताना कुठल्या तोंडाने बोलायचं? पण या पोरीसमोर ती बाहेर येईनात.

"पहिला पंधरवडा म्हातारीची दया आली म्हणून," त्या म्हणाल्या. "पुढे सगळी भीतीच. दुसरं काही नाही."

मुलीने दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून घेतला. रडतेय असं वाटलं, पण हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते. "कुठे आहेत ते?"

"टेकडीवरच्या दफनभूमीत. वरच्या अंगाला."

"टेकडीवर!" ती हसली, आणि ते हसणं मावशींना ऐकवेना. "माझ्या खिडकीतून दिसते ती टेकडी. मी खिडकीशी बसून समुद्राकडे बघायचे."

दुपारी दोघी टेकडी चढल्या. मावशींचे गुडघे बोलत होते, पण मुलीने हात दिला नाही आणि मावशींनी मागितला नाही. वरच्या अंगाला, कुंपणाजवळ, आचाऱ्याच्या नावाचा दगड होता. शेजारी त्याच्या आईचा. ती आणखी अठरा वर्षं जगली, दर आठवड्याला इथे आली, आणि शेवटी मुलाशेजारी जागा मिळाली म्हणून समाधानाने गेली, असं लोक सांगायचे.

मुलगी दगडासमोर उभी राहिली. त्याच्यावर परक्या माणसाचं नाव, परक्या आईबापांची नावं, परकी जन्मतारीख. खरी होती ती तेवढी शेवटची तारीख.

"म्हणजे खाली समुद्रात आहे तो आचारी," ती स्वतःशीच म्हणाली. "मी इतकी वर्षं आचाऱ्याशी बोलत होते."

"मी संग्रहालयाच्या साहेबांपुढे सांगायला तयार आहे," मावशी म्हणाल्या. "लिहून देते, सही करते. तू म्हणशील तसं."

"आणि मग काय करायचं मावशी? म्हातारीच्या शेजारून उचलायचं त्यांना?"

मावशी कडेच्या बाकावर बसल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि हातात पाण्याची बादली घेऊन एक साठीपलीकडची बाई वर आली. आचाऱ्याची भावजय. सासू गेल्यापासून दगड धुवायचं काम तिच्याकडे आलं होतं. मावशींना ती ओळखत नव्हती, पण मुलीला तिने लगेच ओळखलं; वर्तमानपत्रात फोटो येऊन गेला होता.

"अगंबाई, तुम्ही वायरलेसवाल्यांच्या ना? आणि आमच्या भाऊजींकडे कशा?"

मुलीने मावशींकडे पाहिलं. मावशींना वाटलं, आता सांगणार. सांगू दे. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

"एकाच बोटीवर होते ना," मुलगी म्हणाली. "म्हटलं, भेटून यावं."

"बरं केलंत हो." भावजयीने बादली खाली ठेवली, आणि एकदम तिचा हात हातात घेतला. "तुमच्या वडिलांचं फार वाईट वाटतं मला. सासूबाई नेहमी म्हणायच्या, माझा निदान सापडला, त्या बिचारीला काहीच मिळालं नाही. जायला एक जागा असली ना, की माणूस सावरतं."

"हो," मुलगी म्हणाली. "तेवढं तुमचं नशीब."

"केव्हाही येत जा तुम्ही. परकं मानू नका."

"येईन."

भावजय वाकायला लागली तशी मुलीने तिच्या हातातलं फडकं घेतलं. "द्या, मी करते."

"कराल? कंबर धरलीय माझी चार दिवस. नुसतं वरून पुसू नका हं, अक्षरांच्या आत माती बसते. ती राहून जाते."

मुलगी गुडघे टेकून बसली. फडकं भिजवलं, पिळलं, बोटाभोवती गुंडाळलं, आणि आचाऱ्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरात बोट घालून ती माती काढू लागली.