गाईच्या कानांचा जिराफ

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. मी एक जुना, सिमेंटचा जिराफ आहे. माझी मान आखूड आहे आणि कान गाईचे आहेत. हसलात ना? हसा. जन्मल्यापासून सवय आहे मला.

दोष माझा नाही, तसा गवंड्याचाही नाही. या बागेत प्राण्यांचे पुतळे उभे करायचे ठरले, तेव्हा त्याच्या हाती मासिकातून फाडलेले एक चित्र दिले गेले. त्यात जिराफ होता, पण मानेच्या मध्यापर्यंतच. वरचा कागद मासिकातच राहिला होता. गवंड्याने जन्मात जिराफ पाहिला नव्हता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? चित्र संपले तिथे त्याने मान संपवली आणि डोके घरच्या गाईचे बसवले. सळ्या वाकवून सांगाडा केला, जाळी गुंडाळली, वर सिमेंटचे थर चढवले. कान सर्वांत शेवटी, अंगठ्याने दाबून दाबून केले. डबा घेऊन आलेली त्याची बायको बघतच राहिली.

"अहो, ही तर आपली गाय!"

"गप गं. साहेबांनी तरी कुठे पाहिलाय जिराफ?"

मोठी माणसे मला हसली. मुलांना मात्र मीच आवडलो. हत्ती फार उंच होता, वाघाच्या जबड्याची भीती वाटायची. माझ्या पाठीवर बसले की दोन्ही कान हातात येत. खऱ्या जिराफाचे येतात का? सुट्टीच्या दिवशी माझ्यापुढे रांग लागायची. दोन वेण्यांची एक मुलगी तर रांग मोडून घुसायची, कान धरायची आणि त्यात काहीबाही कुजबुजायची. शेवटी दटावायची, "कुणाला सांगू नकोस हं!" मी नाही सांगितले. आजही सांगणार नाही.

मग शहरात पाळण्यांची नवी बाग झाली. इथली तिकीटखिडकी बंद झाली, रंगारी येईनासा झाला. हत्तीचे पाय गवतात बुडाले, वाघाचा जबडा गळून पडला. माझ्या पोटात पाणी शिरले, सळ्या गंजल्या, सिमेंटला तडे गेले. दिसायला मी बरा दिसतो, पण आतून पोखरलो आहे. कुणी फिरकत नाही याचे फार वाईट वाटायचे. खोटे कशाला बोलू?

परवा फाटकाशी एक गाडी थांबली. एक आजी, तिचा मुलगा आणि छोटी नात उतरली.

"बाबा, इथे तर सगळंच मोडलंय!"

"अगं, तेच तर बघायचं. समुद्रावर काय, सगळेच जातात."

आजी माझ्यापुढे आली आणि थबकली. केस पांढरे झाले होते, पण आवाज मी लगेच ओळखला.

"अगंबाई, हा अजून आहे!"

"आजी, ही गाय आहे?"

"जिराफ आहे. माझा जिराफ. बस त्याच्यावर, कान धर, बघ कशी मजा येते!"

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या पाठीवर कुणी बसणार होते! पण माझ्या पायांत आता जोर नाही, हे मला एकट्यालाच ठाऊक होते. मी कोसळलो असतो तर ती पोर माझ्याखाली सापडली असती. 'नको, नको' असे ओरडावेसे वाटले. सिमेंटला कंठ कुठला? मुलाने तिला उचलले. तिने हात लांबवून माझा डावा कान धरला, आणि तो कान तिच्या हातात आला. मागोमाग मानेतून रेती भुरुभुरु गळू लागली.

"खाली घे तिला!" आजी ओरडली. "आधी खाली घे!"

"अगं आई, एक फोटो..."

"फोटो गेला चुलीत!"

मी कान सोडला की तो आपणहून सुटला, ते विचारू नका. मलाही माहीत नाही.

नात रडवेली झाली होती. "मी मोडला का गं?"

"नाही बाळा. आम्ही मोडलाय. यायचंच सोडलं ना."

आजीने तो तुटका कान माझ्या पायाशी नीट ठेवला. मग चवड्यांवर उभी राहून उरलेल्या कानाशी तोंड आणले. 'सांगू नकोस' असे ती या वेळी म्हणाली नाही, म्हणून सांगतो. ती म्हणाली, "गवंडी घेऊन येते. तोवर पडू नकोस."

म्हणून मी उभा आहे. मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे कुणीतरी असेल. ते पडायच्या आधी त्याच्याकडे जा. माझ्याकडेही या, पण पाठीवर चढू नका. माझा एकच कान उरला आहे. तो धरू नका, त्यात बोला.