तोटीसकट घर

खोटं बोलायचं असं मावशींनी मुळीच ठरवलं नव्हतं. या गावात घर बघायला आलेल्या माणसाला पळवून लावायला खोट्याची गरजच पडत नसे, नुसतं खरं सांगितलं तरी काम भागायचं. आजवर दोन गिऱ्हाइकं त्यांनी निव्वळ खऱ्याच्या जोरावर परत पाठवली होती आणि त्या रात्री त्यांना अगदी शांत झोप लागली होती.

कागदाचा कारखाना बंद पडला तेव्हापासून गावाची रया गेली होती. ज्यांना जाता आलं ते गेले. उरलेल्यांपैकी काहींना काम मिळालं, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांतल्या काहींनी दुसऱ्यांच्या वस्तू इकडच्या तिकडे करायला सुरुवात केली. हे काही नामांकित चोर नव्हते. तिजोरी फोडायची तर आधी गावात कुणाकडे तिजोरी असायला हवी. दाराबाहेर दिसेल ते उचलायचं आणि भंगारवाल्याच्या शेडमध्ये नेऊन टाकायचं, एवढाच त्यांचा धंदा. मग ज्याचं गेलं तो दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जायचा आणि घासाघीस करून आपलीच वस्तू घरी आणायचा. भंगारवाला तसा मनाचा मोठा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्याचीच बादली तो थोडी स्वस्तात द्यायचा.

त्यामुळे गावात कुंड्यांना साखळ्या होत्या, पायपुसणी खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि अंगणातल्या नळांना तोट्या नव्हत्या. पितळेची तोटी बाहेर राहिली की गेलीच. म्हणून ती घरात असायची. पाणी हवं असलं की तोटी घेऊन अंगणात यायचं, ती नळाला बसवायची, आतला व्हॉल्व्ह उघडायचा, बादली भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा, तोटी काढायची आणि पाइपात लाकडाचं बूच ठोकून आत जायचं. मावशींची तोटी त्यांच्या पर्समध्ये असे, चष्मा आणि टाचण्यांच्या डबीशेजारी. त्या कपडे अल्टर करायचं काम करत. बोलतानाही तोंडात टाचण्या असायच्या, आणि अवघड प्रश्न आला की टाचण्या हमखास वाढायच्या.

गावात येण्याआधी त्या शहरात दिराकडे राहत होत्या. तिथे फाटकावर वॉचमन होता, लिफ्ट होती, कुणाची काडी हलत नव्हती. पण त्यांचं मशीन होतं पॅसेजमध्ये, आणि घरातलं कुणीही बाथरूमला निघालं की त्यांना गुडघे आत ओढावे लागत. त्यांच्या खाटेला भिंतीऐवजी पडदा होता, तोही त्यांनी स्वतःच शिवलेला. जाऊबाई दिवा किती वेळ चालू आहे यावर डोळा ठेवून असत. इथे मात्र दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण, आणि पुढच्या खोलीला जवळजवळ भिंतीएवढी खिडकी. त्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरासुद्धा चष्म्याशिवाय दिसायचा. शहरात एवढ्या भाड्यात कुणी कपाटही दिलं नसतं. भीती वाटायची, नाही असं नाही. रात्री त्या तिन्ही कड्या लावायच्या आणि पुन्हा एकेक ओढून बघायच्या. पण सकाळी खिडकी उघडली की ती भीती परवडली असं वाटायचं.

त्या खिडकीवर त्यांचा जीव होता. आणि घरमालकाला घर विकायचं होतं.

"रविवारी एक जोडपं येतंय," घरमालक फोनवर म्हणाला. तो स्वतः लांब, सुरक्षित गावी राहत असे. "जरा घर दाखवा. तुम्ही तिथे राहताय, तुमच्या तोंडून ऐकलं की माणसाचा विश्वास बसतो. चांगलं तेवढंच सांगा."

"आणि घर विकलं गेलं तर माझं काय?"

"ते नवीन मालकाला विचारा," तो म्हणाला. फार मोकळ्या मनाचा माणूस.

या खेपेला नुसतं खरं पुरेल की नाही याची मावशींना धाकधूक वाटत होती. जोडपं तरुण होतं म्हणे, आणि तरुण माणसांना कशाचं काय पडलेलं नसतं. म्हणून आदल्या दिवशी पँटची मापं द्यायला बोका आला तेव्हा त्यांनी संधी साधली. बोका हा गावातला सगळ्यात जुना चोर. त्याच्या पँटला आतून चार जादा खिसे लागत, आणि ते कशाला लागतात हे मावशींनी त्याला कधी विचारलं नव्हतं. व्यवहाराची म्हणून एक सभ्यता असते.

"उद्या दारात एक गाडी उभी राहील," कमरेभोवती टेप फिरवत त्या म्हणाल्या. "शहरातली. आरसे चांगले असतील तिचे."

बोका त्यांच्याकडे वळून बघायला लागला. "मावशी, तुम्ही मला चोरी करायला सांगताय?"

"मी कुठे काय सांगतेय? गाडी असेल एवढंच म्हटलं. सरळ उभा राहा. आणि या पँटची शिलाई राहू दे."

"मला वाटलं होतं, गावात निदान तुम्ही तरी सरळमार्गी आहात," बोका म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं.

जोडपं आलं. नवरा उंच आणि गप्प, बायको बुटकी आणि चौकस. मावशींनी सुरुवातच अंगणापासून केली. पर्स उघडली, तोटी काढली, बूच उपटलं, तोटी बसवली, आत जाऊन व्हॉल्व्ह फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "हात धुऊन घ्या." मागच्या गिऱ्हाइकाने एवढं पाहूनच गाडीची किल्ली हातात घेतली होती.

बायकोने हात धुतले. मग ती तोटीकडे बघत म्हणाली, "हे रोज करता?"

"रोज. नाहीतर सकाळी पाइप तेवढा उरतो."

"किती गंमत," ती म्हणाली.

मावशींना हे लक्षण बरं वाटलं नाही. त्यांनी पुढचा माल काढला. पायपुसण्याचे खिळे दाखवले. शेजाऱ्याचं अख्खं फाटक कसं गेलं आणि त्याने ते स्वतःच्या खांद्यावरून कसं परत आणलं ते सांगितलं. शाळेची घंटा गेली तेव्हा आठवडाभर पोरांना सुट्टी झाल्याचंच कळत नव्हतं, हेही सांगितलं. नवरा पहिल्यांदाच हसला. बायको तर खुर्ची ओढून बसली.

"कुणाला मारहाण वगैरे?" तिने विचारलं. "चाकू?"

इथे मावशी अडकल्या. चाकू असता तर किती बरं झालं असतं. त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. "एकदा कारखान्याचा वॉचमन चोराच्या मागे धावताना शिडीवरून पडला. पाय मोडला बिचाऱ्याचा."

"मग?"

"मग काय, दवाखान्यात नेला."

"कुणी?"

मावशींनी दोन टाचण्या तोंडात टाकल्या. पण ती बाई उत्तराची वाट बघत राहिली. "चोरानेच," मावशी टाचण्यांआडून पुटपुटल्या. "तिथे दुसरं कुणी नव्हतं ना."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग बायको सांगू लागली. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोघा लुटारूंनी तिच्या गळ्याला सुरा लावून फोन आणि अंगठी नेली होती. वॉचमन तिथेच होता, त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. आणि त्याच महिन्यात मालकाने भाडं वाढवलं, कारण म्हणे आता कॅमेरे बसवले. "आम्ही दोघं कमावतो आणि एका खोलीत राहतो," ती म्हणाली. "हा फोनवर बोलत असला की मी बाथरूममध्ये बसून काम करते. मावशी, तुमचे चोर आम्हाला परवडतील. आमचं भाडं परवडत नाही."

मावशींना राग यायला हवा होता, पण डोळ्यांसमोर आला तो दिराच्या घरचा पॅसेज. ही बाई खोटं बोलत नव्हती. गुडघे आत ओढून जगणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. आणि एवढा वेळ आपण गावाची निंदा करत नव्हतो, कौतुकच करत होतो, हे मावशींच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. आपण स्वतः इथे का टिकलो, तेच त्यांनी गिऱ्हाइकाला रंगवून सांगितलं होतं. त्यांना स्वतःच्या तोंडाचा संताप आला.

आता भिस्त होती ती आरशांवर. "चला, तुम्हाला गाडीपर्यंत सोडते," त्या घाईघाईने म्हणाल्या.

गाडी जागेवर होती. आरसे जागेवर होते. इतकंच नाही तर ते लख्ख पुसलेले होते, आणि बोका एका चाकाला टेकून पहारा देत उभा होता. जोडपं दिसताच त्याने अदबीने मान लवली.

"इथे गाडी ठेवली की कुणीतरी बघायला लागतं साहेब," तो म्हणाला. "मी बघितली."

नवऱ्याने त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. बायको मावशींना म्हणाली, "बघा, किती चांगली माणसं आहेत इथे." मग गाडी निघून गेली.

"बोक्या," मावशी म्हणाल्या, "तुला काय सांगितलं होतं?"

"मावशी, रागावू नका. पण जरा माझ्या बाजूने विचार करा. गावात आता चोरायला आहे काय? तीच बादली मी चार वेळा नेली. मला ती आता ओळखायला लागलीय. कितीतरी वर्षांनी कुणी सामानसुमान घेऊन इथे राहायला येतंय, आणि पहिल्याच दिवशी मी त्यांना घाबरवून परत पाठवू? गिऱ्हाइकाशी असं वागतात का?"

मावशींना हे मान्य करावं लागलं. धंद्याची गोष्ट होती.

सौदा झाला. जोडप्याला सगळ्या खोल्या लागणार होत्या. एक त्याच्या फोनला, एक तिच्या कामाला. बायकोने मावशींना घर खाली करायला भरपूर मुदत दिली, आणि वाईट वाटतं असं चारदा म्हणाली. मावशींनी गावभर खोल्या पाहिल्या. चांगल्या होत्या त्या परवडेनात, परवडत होत्या त्यांना दार धड नव्हतं. एका संध्याकाळी त्या कटिंगच्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. मग पँट न्यायला बोका आला म्हणून त्यांना डोळे पुसावे लागले.

बोका दारातच घुटमळला. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं. "आमच्या गल्लीत एक खोली आहे," शेवटी तो म्हणाला. "भाडं इथल्यापेक्षाही कमी."

"तुमच्या गल्लीत? तिथे तर सगळे तुझ्याच पंथातले."

"सगळेच तिथे राहतात मावशी. मग तिथे चोरी करणार कोण?"

मावशींनी त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. इतकी वर्षं त्या भीती आणि भाडं यांचा मेळ घालत आल्या होत्या, आणि गावात दोन्ही कमी असलेली जागा होती ती नेमकी हीच. तिथे त्या कधी फिरकल्याही नव्हत्या, कारण चांगली माणसं तिकडे जात नसत.

सामान हातगाडीवर चढलं. मशीन बोक्याच्या दोन पुतण्यांनी उचललं. ती त्या धंद्यातली पोरं, वजन कसं धरायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. मावशींनी नेहमीसारखा व्हॉल्व्ह बंद केला, तोटी काढली, बूच ठोकलं, दाराला कुलूप घातलं. कोपऱ्यावर आल्यावर चष्म्यासाठी पर्स उघडली तर घराची तोटी आत. आयुष्यात त्यांनी कुणाची साधी टाचणीही घेतली नव्हती. परत जाऊन ठेवता आली असती, घर दिसत होतं. त्यांनी पर्सची चेन ओढली आणि हातगाडीच्या मागून चालू लागल्या.

नवी गल्ली बघून त्यांना पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. पायपुसणी नुसतीच पडलेली. सायकली भिंतीला टेकलेल्या, कुलूप नाही. दोरीवर कपडे रात्रभर. रात्री त्या एक कडी लावून झोपल्या, मग तीही विसरायला लागल्या. खिडकी मात्र हातरुमालाएवढी होती. भरदुपारी दिवा लावून शिवावं लागायचं आणि दर वेळी जुन्या खिडकीची आठवण यायची. त्याला काही इलाज नव्हता.

थोड्या दिवसांनी जुन्या घराची नवी मालकीण त्यांना शोधत आली. हातात जाड, गडद कापडाचा गठ्ठा होता.

"पुढच्या खोलीला पडदे हवेत," ती म्हणाली. "खिडकी फार मोठी आहे हो. ऊन येतं, स्क्रीनवर काही दिसत नाही. अजिबात उजेड येणार नाही असे शिवा."

मावशींनी कापड हातात घेतलं. त्या खिडकीचं माप त्यांना घ्यावं लागणार नव्हतं. "शिवते," त्या म्हणाल्या, आणि तोंडात टाचण्या टाकल्या.

"आणि मावशी, तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. सामान उतरवायच्या आधीच तोटी गेली. भंगारवाल्याकडे रोज जाऊन येते, तो म्हणतो आलीच नाही. कुणी नेली असेल?"

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना फक्त खांदे उडवता आले. आता लाज वाटेल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. वाटली नाही.

जाताना ती बाई दाराबाहेरच्या नळावर हात धुवायला थांबली. भर रस्त्यावर, उघड्यावर, पितळेची तोटी उन्हात चमकत होती. तिने ती फिरवली, हात धुतले, बंद केली, आणि मग वाकून बराच वेळ बघत राहिली.

"अगदी अशीच होती आमची," ती म्हणाली. "तुम्ही ही अशी बाहेरच ठेवता? रात्रीसुद्धा?"

मावशींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या.

"ठेवतो की," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत चोऱ्या होत नाहीत."